उन्हात सरळ राहणारी फळी

मे महिना सरत आला की आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारायची गडबड सुरू होते. १ जूनपासून मासेमारी बंद. त्याआधी इंजिन उतरवायचं, जाळी सोडवून माळ्यावर टाकायची, झावळ्या आणायच्या. मी सुट्टीत घरी असतो, म्हणून हाताखाली जातो. काम मला फारसं जमत नाही. दोरी धरायची आणि चहा आणायचा, एवढं माझ्याकडे.

गेल्या वर्षी मामेभावाच्या होडीच्या केबिनवर चढलो तेव्हा तिथलं सोलर पॅनेल बघून हसूच आलं. तळणीत टाकल्यावर पापड जसा मधे फुगतो आणि कडांनी वळतो, तसं ते झालं होतं. दोन ठिकाणी तपकिरी डाग. बोट फिरवलं तर आत काहीतरी करकरत होतं. भाऊ मात्र हसत नव्हता. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याने ते घेतलं होतं. दुकानदार म्हणाला होता, काचेचं पॅनेल जड, लाटेच्या दणक्याने फुटेल. हे नवीन, दोन किलोचं, पातळ, होडीसाठीच बनवलेलं. छपराला चिकटवून टाका, भोकं पाडायलाही नकोत. भावाने ते प्लायवूडच्या छपरावर चिकटवलं. त्यावर वायरलेसची आणि जीपीएसची बॅटरी चार्ज होत असे. फेब्रुवारीत एका रात्री बंदरापासून लांब असताना वायरलेस मेला. सुदैवाने समुद्र शांत होता. घरी कोणाला कळलंही नाही. पण तो सांगताना आवाज खाली आणून सांगत होता, कारण मामी जवळच बसली होती.

“भाईजान, तुम्ही मास्तर,” तो म्हणाला. “वर सॅटेलाइटला पण हेच लावतात ना? तिथं ऊन नाही का? ते कसं वाकत नाही?”

मी मास्तर खरा, पण उर्दू आणि मराठीचा. मला त्याला ‘सौर ऊर्जा’ला उर्दूत ‘शम्सी तवानाई’ म्हणतात एवढं सांगता आलं असतं. ते मी सांगितलंही. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेमुळे हा लेख लिहिला गेला. उरलेली सुट्टी मी याच प्रश्नात घालवली आणि एक इतिहास हाती लागला. त्यातलं एक पान मुंबईच्या कुलाब्यातलं आहे, एक अमेरिकेच्या दुर्बिणीचं, आणि एक आमच्याच किनाऱ्यावरून गेलेल्या वादळाचं.

आधी वाकण्याचं कारण. गरम झालं की जवळजवळ प्रत्येक वस्तू वाढते, हे शाळेत शिकतो. सगळी वस्तू सारखीच वाढली तर ती मोठी होते, वाकत नाही. एक बाजू जास्त वाढली आणि दुसरी कमी, की ती वाकते. कपड्यांच्या इस्त्रीत याचाच उपयोग करतात. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या असतात. तापल्या की एक जास्त लांबते, जोडी वाकते आणि वीज तुटते. आमच्याकडे आंब्याची साठं उन्हात घालतात, त्यांच्याही कडा वळतात. तिथे कारण उष्णतेपेक्षा पाण्याचं असतं, वरची बाजू आधी सुकते आणि आखडते. पण हिशेब तोच, दोन बाजूंचं वागणं वेगळं. म्हणून आमच्या बायका साठ उलटतात.

भावाच्या पॅनेलमध्ये वर प्लास्टिक, मधे सिलिकॉनचे पातळ तुकडे, खाली पुन्हा प्लास्टिक आणि त्याखाली डिंकाने धरून ठेवलेलं प्लायवूड होतं. एक मीटर लांबीचं सिलिकॉन एका अंशाने तापलं तर मीटरच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे अडीच भागच वाढतं. काच नऊ भाग वाढते, ॲल्युमिनियम तेवीस, आणि प्लास्टिक त्याहून कितीतरी जास्त. अशा चौघांना एकमेकांना घट्ट चिकटवून वैशाखाच्या उन्हात टाकलं. शिवाय पाठीमागे हवा खेळायला जागा नाही, म्हणजे उष्णता जाणार कुठे? रोज सकाळी ओढाताण, रोज संध्याकाळी पुन्हा जागेवर. सिलिकॉनचा तुकडा कागदासारखा पातळ आणि काचेसारखा ठिसूळ. तो एके दिवशी तडकणारच. घरांवर दिसणारं काचेचं पॅनेल जड असतं, पण काच त्याला सपाट धरते, ॲल्युमिनियमची चौकट कडा सांभाळते आणि पायांवर उभं असल्याने खालून वारा जातो. हलकेपणा हवा म्हटलं की हे सगळं काढून टाकावं लागतं. खरा पेच इथे आहे. पातळ केलं तर वाकतं, वाकू नये म्हणून जाड केलं तर जड होतं.

हा पेच जुना आहे. सूर्याशी आमच्या जिल्ह्याचं नातं म्हटलं की सगळ्यांना विजयदुर्गचे ‘साहेबाचे ओटे’ आठवतात. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो, मुलांना घेऊन मीही गेलो आहे. तिथे एक गोष्ट हट्टाने सांगतो आणि दरवेळी कोणीतरी नाराज होतं. १८६८च्या त्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर विजयदुर्गात नव्हते. हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, आणि ‘मेलपोमिनी’ या लढाऊ जहाजावरच्या खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामाला जुंपलं होतं. खरी गोष्टही काही कमी रंजक नाही. असो. लॉकयर सूर्याकडे बघायला आले होते. सूर्याकडून काम करून घ्यायचा उद्योग त्याच्या वीस वर्षं आधी मुंबईत होऊन गेला होता, आणि तो आपल्याला जवळजवळ माहीतच नाही.

विल्यम ॲडम्स हे मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार. दिवसभर दाव्यांचे कागद, आणि डोक्यात सूर्य. हिंदुस्थानात इंजिनं चालवायला कोळसा विलायतेहून आणावा लागतो, लाकूड महाग होत चाललं आहे, आणि ऊन मात्र फुकट वाया जातं, हे त्यांना खटकत होतं. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो नावाचे गणिताचे मास्तर (होय, मास्तर!) सूर्याच्या उष्णतेवर वाफेचं यंत्र चालवत होते. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्यांनी उन्हाच्या जोरावर बर्फ करून दाखवला. मूशोंचा आरसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा एक मोठा, उलट्या कंदिलाच्या छपरासारखा शंकू. ॲडम्सना तो पटला नाही. एवढा मोठा वळवलेला पत्रा अचूक घडवणं कठीण, महाग, अवजड, आणि चांदी लवकर काळी पडते.

त्यांनी काय केलं? वळणच सोडून दिलं. बाजारात मिळणारे, पारा किंवा चांदी लावलेले साधे सपाट काचेचे लहान आरसे घेतले, आणि ते लाकडी चौकटीवर ओळीने असे बसवले की प्रत्येकाचा कवडसा एकाच जागी पडावा. जागेवर एक बॉयलर. आरशांची रांग बॉयलरभोवती सूर्याबरोबर फिरवायची, बॉयलर मात्र हलवायचा नाही. आज स्पेनमध्ये उंच मनोऱ्यावर शेकडो आरशांनी ऊन पाडतात, त्याचं हे आजोबा-पणजोबांचं घर. मधल्या कुलाब्यात आपल्या आवारात त्यांनी अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप पंधरवडाभर उन्हावर चालवून दाखवला, लोक बघायला येत होते. एक सूर्यचूलही केली, आठ बाजूंची, लाकडाची, आत आरसे. जानेवारीच्या उन्हात सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजलं, असं त्यांनी लिहिलं आहे. १८७८ साली त्यांचं पुस्तक मुंबईतच छापलं गेलं. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी, हा त्याचा विषय. ससून इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. नंतर कोळसा स्वस्त होत गेला आणि ॲडम्स विसरले गेले.

त्यांच्यासमोरचा प्रश्न पॅनेलच्या वाकण्याचा नव्हता, हे कबूल. पण त्यांनी काढलेली युक्ती लक्षात ठेवा, कारण ती पुढे परत येते. एक मोठी, अखंड, अचूक वस्तू बनवायच्या फंदात न पडता लहान लहान सपाट तुकडे करायचे, प्रत्येकाला आपापल्या जागी थोडं स्वातंत्र्य द्यायचं, आणि सगळ्यांना एका हलक्या सांगाड्यावर बसवायचं.

सूर्यप्रकाशातून थेट वीज काढणारा सिलिकॉनचा सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी जगाला दाखवला. पडणाऱ्या उन्हातला सहा टक्क्यांच्या आसपासचा भाग तेवढा विजेत उतरायचा. जमिनीवर त्याला गिऱ्हाईक नव्हतं, इतका तो महाग. गिऱ्हाईक मिळालं आकाशात. १७ मार्च १९५८ला उडालेला ‘व्हॅनगार्ड १’ जेमतेम दीड किलोचा, मोठ्या पपनसाएवढा गोळा. त्याच्या अंगावर सहा सेल होते. त्यांच्या जोरावर त्याचा आवाज १९६४पर्यंत ऐकू येत होता, आणि मुका झालेला गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. अंगावर सेल चिकटवून भागत होतं तोवर वाकण्याचा प्रश्न नव्हता. आपला पहिला उपग्रह आर्यभट, १९ एप्रिल १९७५चा, तोही असाच अंगभर सेल ल्यालेला. जास्त वीज हवी झाली तेव्हा उपग्रहाला पंख फुटले, आणि पंखांबरोबर आमच्या भावाचा प्रश्न आला.

त्याचं “तिथं ऊन नाही का?” हे विचारणं किती नेमकं होतं ते मला नंतर कळलं. तिथे आपल्यापेक्षा वाईट आहे. हवा नाही, म्हणजे वारा घालून थंड करणारं कोणी नाही. उन्हाकडची बाजू तापते, पाठीकडची काळोख्या आकाशाकडे उष्णता टाकत बसते. जमिनीपासून पाच-सहाशे किलोमीटरवरून फिरणारा उपग्रह दीड-एक तासात एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीत शिरतो. म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा सूर्योदय आणि तितकेच सूर्यास्त. आमच्या भावाच्या पॅनेलला वर्षात ३६५ वेळा तापून निवावं लागलं, याला पाच हजारांवर वेळा. आणि तेही सावकाश नव्हे, सावलीतून बाहेर आल्यावर काही मिनिटांत शंभर-दीडशे अंशांची उडी.

हे न जमल्याची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट हबल दुर्बिणीची. २४ एप्रिल १९९० रोजी ती अवकाशात गेली. तिच्या मुख्य आरशाचा आकार चुकला होता आणि त्यावर जगभर टीका झाली, ते बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं दुखणं कमी लोकांना माहीत आहे. दुर्बीण सावलीतून उन्हात येताना आणि उन्हातून सावलीत जाताना थरथरायची. ताऱ्यावर नजर रोखून बसलेलं यंत्र, आणि कोणीतरी खांद्याला धक्का मारल्यासारखं. हा धक्का तिच्याच पंखांचा होता.

ते पंख युरोपने बनवले होते, आणि हलके ठेवायचे म्हणून फार हुशारीने. सेल बसवलेली एक पातळ चटई, नळकांड्यावर गुंडाळलेली. अवकाशात गेल्यावर ती दोन बाजूंच्या दांड्यांच्या आधाराने उलगडायची. दांडेही गुंडाळलेलेच. सुताराची पोलादी टेप बघा, डबीत असते तेव्हा सपाट, बाहेर काढली की पन्हळीसारखी होऊन ताठ राहते. तशा दोन पट्ट्या एकमेकींत शिरून नळी व्हायच्या. पॅकबंद असताना चिमूटभर, उलगडल्यावर बारा मीटरचा पंख. पण नळीची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. उन्हातली वाढली, नळी वाकली. वाकताना सांधे आधी अडकून बसायचे आणि मग एकदम सुटायचे, कुलूप लागलेला जुना दरवाजा जोर लावल्यावर धाडकन उघडतो तसे. तो झटका दुर्बिणीला. इंजिनियरांनी संगणकाला शिकवून बराचसा झटका मोडला, पण मूळ दुखणं तसंच राहिलं.

डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीर दुरुस्तीला पोहोचले तेव्हा त्यांना दिसलं की एका पंखाचा दांडा पार मोडल्यासारखा वाकला आहे. तो गुंडाळेना. शेवटी कॅथरीन थॉर्नटन यांनी यानाच्या यांत्रिक हातावर उभं राहून तो पंख दोन्ही हातांत धरला आणि सोडून दिला. चित्रफीत बघितली मी, यान बाजूला सरकलं तेव्हा त्याच्या झोताने तो पंख खरोखरच एखाद्या पक्ष्यासारखा फडफडला. वर्गात दाखवली तर मुलं टाळ्या वाजवू लागली. मला मात्र त्या पंखाची दया आली. नवे बसवलेले पंख त्याच जातीचे होते, फक्त दांड्यांवर घड्याघड्यांची चकचकीत बाही चढवली होती, जेणेकरून दांड्याच्या दोन बाजूंमधला तापमानाचा फरक कमी व्हावा. थरथर पुष्कळ कमी झाली. मार्च २००२मध्ये मात्र गुंडाळीची चटई कायमची काढली आणि कडक, सपाट फळ्यांचे पंख लावले. आधीच्यापेक्षा लहान, तरी वीज जास्त.

त्या वेळी पंख घेऊन गेलेल्या यानाचं नाव ‘कोलंबिया’. हे नाव लक्षात ठेवा.

कडक फळी आणि तरीही हलकी, हे कसं? इथे मला आमच्या वाडीतल्या सुतारांनी मदत केली. त्यांना मी विचारलं, फळीला बाक येतो आणि प्लायवूडला का येत नाही? ते म्हणाले, “सर, फळी एका दिशेने हट्टी असते. प्लायवूडमध्ये एक थर उभा, एक आडवा. एकाने ओढलं की दुसरा धरतो. आणि थर विषम लावतात, तीन नाहीतर पाच, म्हणजे मधल्याच्या दोन्ही अंगांना सारखंच.” उपग्रहाच्या फळीचं अर्धं शास्त्र या चार वाक्यांत आहे. तिथे लाकडाऐवजी कार्बनचे धागे असतात. या धाग्यांचा एक अजब गुण आहे, तापले तर लांबीच्या दिशेने ते वाढत नाहीत, किंचित आखडतात. त्यांना बांधून ठेवणारी राळ मात्र वाढते. उभे-आडवे थर योग्य प्रमाणात लावले की आखडणं आणि वाढणं एकमेकांना खाऊन टाकतात. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी दोनशे अंशांच्या फरकाने सुमारे नऊ मिलिमीटर वाढेल. कार्बनची तशी फळी मिलिमीटरच्या आत राहते.

उरलेलं अर्धं शास्त्र मधमाश्यांचं. कार्बनचे दोन पातळ पापुद्रे, आणि मधे ॲल्युमिनियमच्या वर्खासारख्या पत्र्याचं पोळं, षट्कोनी घरांचं. बहुतेक जागा रिकामी. म्हणून फळी जाड, पण वजन नाही. जाडी मिळाली की वाकणं आपोआप कमी होतं, कारण दोन बाजूंमध्ये तेवढाच फरक असला तरी जाड वस्तूला त्याने कमी बाक येतो. वरचा आणि खालचा पापुद्रा अगदी जुळ्या भावंडांसारखा, त्यामुळे एकाची कुरघोडी दुसऱ्यावर होत नाही. फळीवर सेल बसवताना ॲडम्सची युक्ती परत आली. सेल लहान लहान, एकमेकांत बारीक फट, खाली रबरासारखा मऊ डिंक. एका सेलमधून दुसऱ्यात वीज नेणारी चांदीची पट्टीसुद्धा सरळ ठेवत नाहीत, तिला छोटंसं वळण देतात. फट वाढली-घटली तर वळण उघडतं-मिटतं, पट्टी तुटत नाही. उर्दूत याला छान शब्द आहे, ‘लचक’. मराठीत आपण पाय लचकला की वापरतो, बिचाऱ्याची रयाच गेली.

आपल्या देशाला हे सगळं ठेचा खाऊन शिकावं लागलं. इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांवर हवामानाचा कॅमेरा होता. ढगांची उष्णता बघणारा हा कॅमेरा फार थंड ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या बाजूला तापलेला पंख चालत नाही. त्यामुळे इन्सॅटला पंख एकाच बाजूला. पण एकाच बाजूला पंख असला की उन्हाचा दाब, हो, उन्हालाही दाब असतो, उपग्रहाला हळूहळू कलंडवतो. त्याला तोल म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक शीड. एप्रिल १९८२मध्ये गेलेल्या ‘इन्सॅट-१ए’चं हे शीड उघडलंच नाही. सरळ राहण्यासाठी इंधन जाळत राहावं लागलं आणि सप्टेंबरात तो गेला. ऑगस्ट १९८३ अखेरीस ‘चॅलेंजर’ यानातून ‘इन्सॅट-१बी’ गेला, तर त्याचा पंखच अडकला. सप्टेंबरच्या मध्यावर तो एकदाचा उघडला. तो उघडला नसता तर गावोगाव दूरदर्शन पोहोचायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. आमच्या वाडीत पहिला टीव्ही आला तेव्हा मी अगदी लहान होतो. छपरावरचा ॲन्टेना हलवायचं काम मामूंकडे होतं. खालून सगळे ओरडायचे, “आला, आला, गेला!”

हे उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर एकाच जागी उभे दिसतात. त्यांना रोज सावली लागत नाही. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, सुमारे दीड-दीड महिना रोज एकदा लागते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. पण तेवढ्यात पंख उणे दीडशे अंशांच्या आसपास जातो. बाहेर आला की लगेच तापतो. वर्षाला असे नव्वदेक फटके, वर्षानुवर्षे.

१२ सप्टेंबर २००२ रोजी श्रीहरिकोट्याहून हवामानासाठीच बनवलेला एक उपग्रह गेला. जाताना वजन एक हजार साठ किलो. त्याच्या सांगाड्यात कार्बनच्या धाग्यांचे हलके भाग वापरले होते, आणि तोलासाठी वेगळं शीड नव्हतं. पंख एकच, साडेपाचशे वॅटचा. म्हणजे आपल्या घरातली मिक्सरसुद्धा याहून जास्त वीज खाते. नाव होतं ‘मेटसॅट’. १ फेब्रुवारी २००३ला ‘कोलंबिया’ यान परतताना फुटलं आणि कर्नालची कल्पना चावला गेली. हबलला सरळ पंख लावून आलेलं ते यान, त्यानंतरचं त्याचं हेच उड्डाण. चार दिवसांनी मेटसॅटला ‘कल्पना-१’ हे नाव दिलं गेलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेच्या फळ्यावर तिचं नाव उर्दूत आणि मराठीत लिहिलं होतं, ते दोन दिवस कोणी पुसलं नाही.

आता नोव्हेंबर २००९. अरबी समुद्रात दक्षिणेकडे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि किनाऱ्याला समांतर वर सरकू लागलं. त्याला फयान नाव मिळालं. ११ नोव्हेंबरला ते आमच्या समोरून गेलं आणि दुपारी अलिबाग-मुंबईच्या मधे जमिनीवर आलं. नोव्हेंबरात असं वादळ येणं आमच्या बाजूला सवयीचं नव्हतं. हंगाम जोरात होता, होड्या बाहेर होत्या. हवामान खातं कल्पना-१सारख्या उपग्रहांच्या चित्रांवरून त्याची वाट बघत होतं, इशारे निघत होते. इशारा निघणं आणि तो होडीतल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचणं यांत फार अंतर आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले खलाशी त्या वादळात गेले. गाबीत गेले, दालदी गेले, इतर जातींचे गेले. काहींची प्रेतंही मिळाली नाहीत.

मामू आदल्या दिवशी सकाळी बाहेर पडले होते. त्यांच्याकडे छोटा रेडिओ होता, आणि त्याच्या बॅटऱ्या नव्या होत्या, कारण आदल्या आठवड्यात मामीने भांडून बदलायला लावल्या होत्या. त्यांनी बातमी ऐकली आणि जाळी अर्धी ओढूनच फिरले. बंदरात आले तेव्हा काळोख पडत होता. त्यांच्याबरोबर निघालेली एक होडी परतली नाही. तिच्यावर रेडिओ होता का, असला तर चालू होता का, हे मामूंनी नंतर कितीदा तरी स्वतःशीच विचारलेलं मी ऐकलं आहे. त्या होडीवरच्या एका पोराला त्यांनीच जाळं टाकायला शिकवलं होतं.

म्हणून भावाने फेब्रुवारीतली गोष्ट आवाज खाली आणून सांगितली. मामू आज नाहीत, पण मामीसमोर बॅटरी मेल्याचं बोलायची हिंमत त्याला नाही.

मी त्याला हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं, अर्थात इतकं नीट नाही. हबलच्या पंखाची गोष्ट त्याला आवडली. “एवढ्या मोठ्या लोकांचा पण वाकला म्हणजे,” तो म्हणाला, आणि त्याला जरा बरं वाटलं. कार्बन आणि पोळ्याची फळी किती रुपयांना, हे त्याने विचारलंच. मी म्हटलं, त्या किमतीत तुझी होडी, माझं घर आणि बंदरावरचं बर्फाचं कोठार येईल. मग त्याने व्यवहाराचं विचारलं: आता मी काय करू?

आम्ही सुतारांकडे गेलो. पातळ पॅनेलला तो आता हात लावायला तयार नव्हता, त्यामुळे काचेचंच घ्यायचं ठरलं. शंभर वॅटचं, सात-एक किलोचं. सुतारांनी छपरावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, खालून वारा जाईल अशी चार बोटं जागा सोडली. पॅनेलचे कान पट्ट्यांना स्क्रूने धरले, पण स्क्रूची भोकं गोल न पाडता लांबट पाडली आणि मधे रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे चौकटीला हलायला वाव. “गच्च आवळायचं नाही,” ते भावाला दोनदा म्हणाले. खारी हवा लागणार, म्हणून स्क्रू स्टेनलेसचे. जुनं पॅनेल भावाने टाकून दिलं नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसासाठी घातलं आहे, फुगलेली बाजू वर करून, पाणी छान ओघळतं.

१ ऑगस्टला होडी पाण्यात गेली. मामीने केबिनवर चढवून घेतलं, पॅनेलखालच्या फटीत हात घालून बघितला आणि विचारलं, “आणि पावसाळी ढग असले तर?” भावाने खिशातून चार सुक्या बॅटऱ्या काढून दाखवल्या.